हसला, म्हणजे त्याला समजलं

सुट्टी जवळ आली की ओळखीच्या भगिनींचा एक प्रश्न ठरलेला असतो : बाजी, मुलांना मराठीत वाचायला काय देऊ? जाड पुस्तक मुलं उघडत नाहीत. बोधकथा दिली, तर शेवटची ओळ वाचून मिटून ठेवतात. या वेळी मी चिंटूची पुस्तकं सुचवणार आहे. हो, पेपरातला चित्रांचा चिंटू, तोच.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीचा हा मुलगा २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या 'सकाळ'मध्ये पहिल्यांदा आला. तेव्हा मी शाळेत होते. मेढ्याला पेपर एसटीने यायचा आणि मोठ्यांच्या हातून सुटून आमच्यापर्यंत पोचायला दुपार व्हायची. पुढे चिंटूच्या चित्रांचे संग्रह निघाले. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्याच्यावर सिनेमा काढला, पाठोपाठ २०१३ मध्ये दुसरा. इतक्या वर्षांत मी शिकून शिक्षिका झाले, केसही पिकायला लागले. चिंटू मात्र होता तेवढाच आहे.

कॉमिक म्हटलं की डोळ्यांपुढे मारामारी येते. चिंटूचं सगळं उलट आहे. तो उडत नाही, कुणाला वाचवत नाही. (खजिना शोधतो, पण तो सिनेमात.) अभ्यास टाळणं, खेळायला पळणं, पप्पूशी दोस्ती, मिनीशी वाद, शेजारच्या जोशी काकू, एवढंच त्याचं जग. तीन-चार चौकटींत गोष्ट सुरू होऊन संपतेसुद्धा. अमेरिकेत हँक केचमने १९५१ साली आपल्याच मुलाचं नाव देऊन डेनिस नावाचा खोडकर पोरगा काढला, त्या जातीचा हा आहे. फक्त बोलतो मराठी.

आता एवढ्याशा चित्रांत एका शिक्षिकेला काय सापडलं, ते सांगते. उर्दू माध्यमातून मराठी शाळेत आलेली मुलं धडा मोठ्याने वाचतात तेव्हा ऐकत राहावं असं वाचतात. अक्षर चुकत नाही, जोडाक्षर अडत नाही. लहानपणापासून नाजरा पढलेल्या मुलांची जीभ तयार असते, मखरज नीट काढायची शिस्त असते. ती दौलतच आहे. पण तोच मुलगा मराठीचं पानही आवाजानेच पार करतो. 'काय वाचलंस?' म्हटलं की गप्प. प्रश्नाचं उत्तर विचारा, तर धड्यातलं बरोबर वाक्य बोट ठेवून दाखवतो, आणि आपल्याला वाटतं समजलं. वरच्या वर्गात गेल्यावर गणिताचं शाब्दिक उदाहरण येतं, तिथे सगळं उघडं पडतं. मग घरचे म्हणतात, मुलगा गणितात कच्चा आहे. गणितात नसतो तो कच्चा.

चिंटूपुढे ही लबाडी चालत नाही. विनोद शेवटच्या चौकटीत असतो आणि बराचसा न बोललेल्या गोष्टीत असतो. आईचा चेहरा, चिंटूचे फिरलेले डोळे आणि वरच्या चौकटीतलं वाक्य यांची सांगड मुलाला स्वतः घालावी लागते. ती घातली की हसू येतं, नाही घातली की येत नाही. घोकून कुणाला हसता येत नाही. कुठलीही प्रश्नपत्रिका इतकी सच्ची नसते.

शिवाय भाषा बोलण्यातली. धड्यातलं मराठी उभं राहून बोलतं, चिंटूचं मराठी घरात पाय पसरून बसलेलं असतं. आमच्या मुलांची मराठीशी गाठ पडते ती बहुतेक पुस्तकात आणि बाजारात. मराठी घरात आई रागावते कशी, पोरगं लाडात येऊन बोलतं कसं, हे त्यांच्या कानावर कमीच पडतं. वर्गात एका मुलीने चिंटू वाचता वाचता मला हळूच विचारलं, "बाजी, हा अम्मीला 'तू' म्हणतो?" उर्दूत 'आप' शिकलेल्या मुलीला ती बेअदबीच वाटली. मराठीत आईला 'तू' म्हणण्यात माया असते, हे तिला व्याकरणाच्या तासात कुणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं, कारण पुस्तकात तो प्रश्नच येत नाही.

काही अम्मी म्हणतील, हा पोरगा उलट उत्तरं देतो. देतो खरा. पण बऱ्याचदा त्याचीच फजिती होते, आणि मुलं हसतात ती त्याला. माझी तक्रार वेगळी आहे. चिंटूचं जग शहरातल्या कॉलनीचं आहे. जावळीच्या पावसात गुडघ्यापर्यंत चिखल तुडवत शाळेत येणाऱ्या मुलाला ते थोडं परकं वाटतं. पहिली दहा-बारा पानं कुणीतरी शेजारी बसून वाचावीत, मग मूल एकटं पुढे जातं.

थोड्या मोठ्या मुलांना आबिद सुरतींचं नावही माहीत असावं. इंद्रजाल कॉमिक्समधला बहादूर १९७६ मध्ये त्यांनीच उभा केला. झगा-मुखवटा नसलेला, जीन्स घातलेला देशी नायक. 'धर्मयुग'मधले ढब्बूजीही त्यांचेच. पुढे उतारवयात हेच सुरती मीरा रोडला रविवारी प्लंबर बरोबर घेऊन घरोघरी फुकट गळके नळ दुरुस्त करत फिरू लागले. बहादूरचे अंक आता जुन्या पुस्तकांच्या ढिगातच शोधावे लागतात. चिंटू मिळायला त्यामानाने सोपा.

घरी एक करून पाहा. शेवटची चौकट हाताने झाका आणि विचारा, आता काय होईल? मुलाचं उत्तर कधी कधी छापलेल्यापेक्षा बरं निघतं. आणि वाचलेली गंमत नानीला घरच्या बोलीत सांगायला लावा. काही विनोद दखनीत नेताना वाटेतच मरतात. का मेला, हे शोधण्यात दोन्ही भाषा शिकून होतात. आमच्या वर्गात मुलांना स्वतःच्या चार चौकटी काढायला दिल्या होत्या. एकाने काढलं : मराठी शेजारीण सांगते, "अभ्यासाला बस!" मुलगा दप्तर मिटून म्हणतो, "सुना अम्मी? काकी बोली, पढाई बस!" चित्रात दप्तर कुठलं आणि शेजारीण कुठली हे कळत नव्हतं, तरी सगळा वर्ग हसला.

विकत घेताना पहिल्याच भागासाठी अडून बसू नका. भागांचा एकमेकांशी संबंध नाही, जो मिळेल तो घ्या आणि मधूनच कुठूनही उघडा.