चिरंजीवांची जर्मन जत्रा

समजा, झाशीतलं एक मराठी घर. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच नांदलेलं. दाराबाहेर बुंदेली वळणाची हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी. गणपतीत पावलं वळतात ती राणी लक्ष्मीबाईंचं लग्न जिथं लागलं, त्या गणेश मंदिराकडे. अशा घरातले चोवीस वर्षांचे चिरंजीव एका रात्री जेवताना जाहीर करतात, ''पुढच्या वर्षी मी जर्मनीला चाललोय. गाणी ऐकायला!''

आईचा वाढता हात तिथंच थांबतो. गाणी ऐकायला जर्मनी? आणि गाणी तरी कसली, तर हेवी मेटल! विजेवरच्या गिटारी, छातीत धडधडणारे ड्रम, गळा फाटेस्तोवर ओरडणारा गायक. झाशीच्या किल्ल्यावरची कडक बिजली तोफ बरी म्हणायची! काळे शर्ट, लांब केस, कवटीची चित्रं... बाबांच्या डोळ्यांपुढे नको नको ते येऊ लागतं.

पण घाबरण्याआधी ते गाव तरी पाहावं. उत्तर जर्मनीतलं वाकेन. हॅम्बुर्गपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. वस्ती जेमतेम दोन हजार, भोवती शेतं आणि गाई. 1990 मध्ये थॉमस येन्सन आणि होल्गर ह्यूबनर या मित्रांनी तिथल्या खडीच्या खाणीत पहिला कार्यक्रम केला, तेव्हा आठशेच्या आसपास माणसं जमली होती. आता जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर 85,000 रसिक तिथं तंबू ठोकून राहतात. गावकरी अंगणातच खाण्यापिण्याची दुकानं मांडतात. गावच्या अग्निशमन दलाचा बँड या काळ्या शर्टवाल्यांपुढे वाजवतो आणि त्यालाही टाळ्या पडतात! बिअर मात्र वाहते, हे लपवण्यात अर्थ नाही. 2017 मध्ये तिच्यासाठी जमिनीखालून चक्क सुमारे सात किलोमीटरची पाइपलाइन टाकली गेली.

म्हणजे ही जत्राच की! पालं, चिखल, आणि वर्षभर वाट पाहणारी माणसं.

शिवाय आपली पोरं आता तिथं फक्त ऐकायलाच जात नाहीत. 2019 मध्ये दिल्लीचा ब्लडीवूड हा बँड वाकेनच्या मंचावर चढला. सोबत ढोल, बासरी, हिंदी-पंजाबी बोल. मुंबईचा डेमॉनिक रेझरेक्शन 2010 मध्येच नॉर्वेच्या इन्फर्नो महोत्सवात वाजवून आला होता. 'डेमॉनिक' नावाला दचकू नका. याच बँडनं 2017 मध्ये आख्खा अल्बम काढला तो विष्णूच्या दशावतारांवर. त्याचा गायक साहिल मखिजा 'हेडबँगर्स किचन' नावाचा पाककृतींचा कार्यक्रमही करतो. हे कळल्यावर आईच्या कपाळावरची एक आठी तरी कमी व्हायला हरकत नाही.

खरी काळजी पैशांची. 2025 चं तिकीट होतं 333 युरो, म्हणजे तीस हजारांच्या पुढे. विमानभाडं वेगळं. तिकीट जवळजवळ वर्षभर आधी घ्यावं लागतं, कारण 2023 आणि 2024 ची तिकिटं काही तासांतच संपली होती. व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी करता येत नाही. पैसे आधी, परवानगी नंतर! मधले महिने जीव टांगणीला. त्यात दिल्लीला जाऊन बोटांचे ठसे द्या, 90 युरो भरा, किमान 30,000 युरोचा प्रवासी विमा काढा, नोकरीचं पत्र आणि बँकेचे कागद जोडा. कशासाठी? तर हा मुलगा परत येणार, अशी त्यांची खात्री पटावी म्हणून. आजीचाही प्रश्न नेमका तोच असतो. मथुरेच्या यज्ञाला म्हणून वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात कसे अडकले, हे तिला पाठ आहे.

आणि व्हिसा मिळाला म्हणजे सगळं जमलं, असंही नाही. 2023 मध्ये पावसानं वाकेनच्या शेतांचा असा राडा केला, की आयोजकांनी प्रवेशच थांबवला. हातात तिकीट असलेली हजारो माणसं वाटेवरून परतली. तिकिटाचे पैसे परत देण्यात आले. पण वर्षभर मोजलेल्या दिवसांचं काय?

आईनं हट्ट धरायचाच असेल, तर तो कानांसाठी धरावा. 100 डेसिबलच्या आवाजात उघड्या कानांनी पंधरा मिनिटांपलीकडे थांबणं धोक्याचं. इथं तर रोज कित्येक तास! शंभर-दोनशे रुपयांचे कानात घालायचे बोळे मिळतात, ते आधीच घेऊन ठेवावेत. गणपतीच्या मिरवणुकीतही उपयोगी पडतील.

चिरंजीवांनी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरात आतापासूनच फुल्या मारायला घेतल्या आहेत. कोणता बँड कोणत्या दिवशी, कोणत्या मंचावर... यादी अजून जाहीरही झालेली नाही, तरी वही भरत चाललीय. बाबांनी गुपचूप गमबुटांची चौकशी केली आहे. आणि आजीला कोणीतरी समजावून सांगायला हवं, की दूध-तूप युरोपात नेऊ देत नाहीत. साजूक तुपाची बरणी घरीच राहणार. चकल्या चालतील.