शेवटचा शॉट कोणी मारायचा?

जॉर्डन मोठा की लेब्रॉन, हा वाद तुमच्या ग्रुपवर झाला नसेल असं नाही. आणि तो झाला की एक वाक्य हमखास येतं : "जॉर्डनने तो बॉल पास केलाच नसता." म्हणजे पाच-सहा सेकंद उरलेत, एका बास्केटवर सामना आहे, तर स्टारने स्वतःच मारावं. पास दिला तर तो घाबरला.

हे वाक्य लेब्रॉन जेम्सला चिकटलं ते मे २००७ मध्ये. ईस्टर्न कॉन्फरन्सची अंतिम लढत, क्लीव्हलँड विरुद्ध डेट्रॉइट, पहिला सामना. क्लीव्हलँड दोन गुणांनी मागे. बावीस वर्षांचा लेब्रॉन बास्केटकडे घुसला, बचाव त्याच्याकडे गोळा झाला आणि त्याने बॉल कोपऱ्यात डॉनिएल मार्शलकडे फेकला. मार्शल मोकळा होता. तीन गुणांचा शॉट, गेला असता तर सामना खिशात. नाही गेला. ७९-७६ ने हार, आणि दुसऱ्या दिवशी टीका सगळी लेब्रॉनवर.

टीका करणारे एक गोष्ट सोयीस्कर विसरले. आधीच्या फेरीत न्यू जर्सीविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात याच मार्शलने सहा थ्री पॉइंटर मारले होते. लेब्रॉनने बॉल कुणा भलत्याच्या गळ्यात मारला नव्हता. शिवाय साधा हिशेब बघा. मैदानावर पाच विरुद्ध पाच. दोघे एकाच्या अंगावर धावले, की उरलेल्या चौघांना सांभाळायला तिघेच राहतात. कोणीतरी मोकळा असणारच. दोन उंच बचावपटूंच्या हातांवरून मारलेला स्टारचा शॉट आणि शांतपणे पाय रोवून मारलेला साध्या खेळाडूचा शॉट, यातला दुसरा बहुतेक वेळा बरा. मला विचाराल तर तो पास बरोबर होता. शॉट चुकला, निर्णय नव्हे.

त्याच मालिकेतला पाचवा सामना मात्र सगळ्यांना पाठ असतो. लेब्रॉनने ४८ गुण केले, संघाच्या शेवटच्या ३० पैकी २९ एकट्याने आणि त्यातले शेवटचे २५ तर सलग. दुसऱ्या जादा वेळेत सामना १०९-१०७ असा जिंकला. त्या रात्री डेट्रॉइटला त्याला अडवणं जमतच नव्हतं. मग पास कशाला द्यायचा? मारत राहिला, बरोबरच केलं. कालचे टीकाकार एका रात्रीत भक्त झाले, ते सोडा.

खरी गंमत सहाव्या सामन्यात आहे आणि तिची आठवण फार थोडे जण काढतात. पाचव्यात हात पोळलेल्या डेट्रॉइटने लेब्रॉनभोवती गराडा घातला. त्याने बॉल सोडला. डॅनियल गिब्सन नावाच्या पहिल्याच वर्षाच्या पोराने ३१ गुण केले, पाचपैकी पाच थ्री पॉइंटर. क्लीव्हलँड पहिल्यांदाच एनबीएच्या अंतिम फेरीत पोचलं. पाचव्या सामन्याची दहशत नसती तर गिब्सन इतका मोकळा सुटला नसता, आणि 'मीच मारणार' हा हट्ट धरला असता तर तो मोकळा असूनही उपयोग झाला नसता.

आता जॉर्डन. १९८६ मध्ये बॉस्टनविरुद्ध त्याने ६३ गुण केले आणि तरी शिकागो हरलं. पहिलं विजेतेपद आलं १९९१ मध्ये, फिल जॅक्सन या प्रशिक्षकाने चेंडू सगळ्यांच्या हातून फिरवायला लावल्यावर. आणि १९९७ च्या अंतिम फेरीचा सहावा सामना तर यूट्यूबवर बघाच. युटाविरुद्ध ८६-८६ अशी बरोबरी. टाइम-आउटमध्ये जॉर्डनने शेजारी बसलेल्या स्टीव्ह करला तयार राहायला सांगितलं, कारण स्टॉकटन आपल्यावर धावून येणार हे त्याने ओळखलं होतं. तसंच झालं. जॉर्डनने पास दिला, करने पाच सेकंद राखून शॉट घातला, विजेतेपद शिकागोचं. याच करला जॉर्डनने १९९५ च्या सरावात ठोसा मारला होता! तेव्हा 'जॉर्डनने पास केलाच नसता' म्हणणाऱ्याला हा व्हिडिओ पाठवून द्या. पुढच्या वर्षी त्याच युटाविरुद्ध शेवटचा शॉट त्याने स्वतः मारला, हेही खरं. त्या वेळी त्याच्यासमोर एकच बचावपटू होता.

एक मान्य करायला हवं. पास देणं हा लपण्याचाही मार्ग असू शकतो. ओळखायचं कसं? दोघे अंगावर येण्याआधीच बॉल हातातून गेला, तर शंका घ्यायला जागा आहे. दोघांना ओढून घेऊन मग दिला, तर तो विश्वास.

अशा विश्वासाची किंमत बहुतेक वेळा दुसराच मोजतो. २०२० च्या अंतिम फेरीचा पाचवा सामना, लेब्रॉन आता लेकर्समध्ये. ४० गुण करून झालेले, संघ एका गुणाने मागे. तो घुसला, बचाव गोळा झाला, बॉल मोकळ्या डॅनी ग्रीनकडे. तेरा वर्षांपूर्वीचंच चित्र, आणि शॉटही तसाच चुकला. मायामी १११-१०८ ने जिंकलं. त्यानंतर ग्रीनला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला सोशल मीडियावर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. एका चुकलेल्या शॉटसाठी! दोनच दिवसांनी झालेल्या सहाव्या सामन्यात ग्रीन मैदानावर होता, आणि लेकर्सनी विजेतेपद घेतलं.