माझा रिपोर्ट माझ्या हातात द्या

कॅन्सरमुळे प्रोस्टेट काढून टाकल्यावर माझा पीएसए, म्हणजे रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन, जवळजवळ शून्यावर आला होता. यंदा तो वर सरकला. रिपोर्ट आला मुलाच्या मोबाइलवर. डॉक्टर बोलले तेही मुलाशीच, मी समोरच्या खुर्चीत बसलेला असताना. मला घरी येऊन सांगण्यात आलं, ‘सगळं ठीक आहे, बाबा.’ हे धादांत खोटं होतं. प्रेमापोटी बोललं म्हणून ते खरं होत नाही.

बडोद्यात लहरीपुरा दरवाजापासून दांडिया बाजारापर्यंत आम्हा मराठी घरांत हीच रीत आहे. आजोबांना सांगू नका, खचतील! महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्या बडोद्यात आज शिकल्यासवरल्या म्हाताऱ्याला त्याच्याच रक्ताचा आकडा वाचू देत नाहीत. लाज वाटली पाहिजे.

आणि लपवता ते काय? ऑपरेशननंतर पीएसए ०.२ नॅनोग्रॅमवर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही उतरला नाही, तर रोग परतला असं धरतात. रेडिएशनचे शेक घेतलेल्यांचा हिशेब निराळा, कारण त्यांचं प्रोस्टेट जागेवरच असतं: सर्वांत खालच्या आकड्यावर २ ची वाढ. हे ऐकून माणूस खचतोच असं नाही, कारण पुढचंही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी १९९९ साली सुमारे २,००० शस्त्रक्रियांचा अभ्यास मांडला. ज्यांचा पीएसए वाढला, त्यांना लगेच हार्मोनचे उपचार दिले नव्हते. तरीही रोग शरीरात इतरत्र दिसायला लागलेला मध्यक काळ ८ वर्षांचा निघाला. हे मला कुणी सांगितलं नाही. रात्र रात्र तळमळत ठेवलं, वर ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून बजावलं.

सगळ्यांनाच ८ वर्षं मिळत नाहीत, हेही तितकंच खरं. आकडा किती महिन्यांत दुप्पट होतो ते पाहावं लागतं. ऑपरेशननंतरचे शेक आकडा ०.५ च्या आत असताना दिले तर जास्त उपयोगी पडतात. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत घरच्यांनी घालवलेले महिने त्यांचे नसतात, रुग्णाचे असतात.

हार्मोनच्या इंजेक्शनचा विषय तर आणखी संतापजनक आहे. त्याने टेस्टोस्टेरॉन बंद पडतं, इच्छा मरते, घामाच्या लाटा येतात, हाडं ठिसूळ होतात. हे सोसणार मी, माझ्या संसारात सोसणार माझी बायको, आणि विचारायचं मुलाला? ऑपरेशननंतर लघवी गळते, शरीरसंबंध संपतो, यावरही आम्हा दोघांना समोर बसवून कुणी पाच मिनिटं बोललेलं नाही. वय झालं म्हणजे हा प्रश्नच उरत नाही, असं या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं आहे.

माझ्यासारख्या प्रत्येकाला सांगतो: पीएसए दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, जुने सगळे आकडे तारखांसह वहीत लिहा, रिपोर्ट स्वतः मागून घ्या. डॉक्टर मुलाकडे बघून बोलू लागले, तर मुलाला बाहेर बसायला सांगा.