पगाराचें क्रियापद

आपल्या घरांत दरमहा उच्चारला जाणारा 'पगार' हा शब्द मुळांत नाम नसून क्रियापद आहे, हें कित्येकांस ठाऊक नसतें. पोर्तुगीज भाषेंत 'पागार' म्हणजे पैसे देणें. गोव्यांत १५१० पासून १९६१ पर्यंत, आणि वसईस चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं तो किल्ला घेईपर्यंत, त्या लोकांचा अंमल होता. चावी, बटाटा, पाव यांच्याप्रमाणें हाही शब्द त्यांच्याकडून मराठींत आला व नाम होऊन राहिला. शेजारच्या स्पॅनिश भाषेंतही हेंच रूप व हाच अर्थ आहे. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'शांत करणें'. देणें फिटलें कीं धनको शांत होतो, हें अनुभवी गृहस्थांस सांगावयास नकोच.

हें सांगण्याचें कारण असें. अजिंठा व वेरूळ पाहावयास येणाऱ्या प्रवाशांत स्पॅनिश बोलणारेही असतात. तेव्हां आमच्या छत्रपती संभाजीनगरांतील एखाद्या तरुणानें ती भाषा शिकून लेणीं दाखविण्याचा व्यवसाय करूं म्हटलें, तर तें रास्तच आहे. परंतु क्रियापदांचीं कोष्टकें पाहून त्याचें धैर्य खचतें, आणि घरांतील वडील मंडळी 'आम्हांस त्यांतलें काय कळतें?' म्हणून बाजूस होतात. आमचें म्हणणें असें कीं, ज्या घरांत कोणी एकदां 'वदति वदतः वदन्ति' पाठ केलें आहे, त्या घरास हें कोष्टक परकें नाहीं.

'पागार'मधील 'आर' काढून टाकावा व उरलेल्या अंगास प्रत्यय लावावे. पागो, मी देतों. पागास, तूं देतोस. पागा, तो देतो. पागामोस, आम्ही देतों. पागाइस, तुम्ही देतां. पागान, ते देतात. आरंभ 'तो'पासून नव्हे, 'मी'पासून होतो, एवढें ध्यानांत ठेवावें. 'वदसि'मधील स, 'वदामः'मधील म आणि 'वदन्ति'मधील न येथें सहज ओळखूं येतात, कारण दोन्ही भाषा एकाच कुळांतल्या. द्विवचन नाहीं, हा लाभच. मराठींत पुरुष 'देतों' म्हणतो व स्त्री 'देतें' म्हणते. तेथें दोघांचेंही 'पागो'च. याच साच्यांत 'आब्लार', म्हणजे बोलणें, घालावें: आब्लो, आब्लास, आब्ला.

मात्र पाठ झालें म्हणजे भाषा आली असें नव्हे. कर्ता प्रत्ययांतच कळतो, म्हणून 'यो', म्हणजे 'मी', हा शब्द एरव्हीं गाळतात. पण उपाहारगृहांत दोघे मित्र बिलासाठीं पुढें सरसावले, तर एक म्हणतो, 'पागो यो', मीच देणार! दुसरी गोष्ट सभ्यतेची. 'तूं'ला तेथेंही 'तू'च म्हणतात, आणि आदरार्थी 'उस्तेद' म्हणतात. हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनापासून झिजून झाला. म्हणून त्याचें क्रियापद 'तो'सारखें चालतें: 'उस्तेद पागा'. 'रावसाहेब आज जेवणार ना?' असें समोर बसलेल्या रावसाहेबांसच विचारणाऱ्या घरांस हें निराळें समजवावें लागणार नाहीं. वयोवृद्ध पाहुण्यास 'तू पागास' म्हणणारा मार्गदर्शक व्याकरणांत शुद्ध असला तरी अरेतुरेवर आलेला असतो, आणि त्याची पोटाची विद्या तेथेंच कमी पडते.

यासाठीं दिवेलागणीस परवच्याबरोबर पंधरा मिनिटें द्यावीं. आजोबांनीं कोष्टक हातीं घेऊन कर्ता सांगावा, आजीनें प्रसंग सांगावा: दूधवाल्याचे पैसे, घरभाडें, टांग्याऐवजीं आतां रिक्षाचे पैसे. शिकणाऱ्यानें तत्काळ वाक्य करावें. प्रत्यय चुकला तर वडिलांच्या कानास तो खटकेल. तेवढें संस्कृत पुष्कळ झालें. भाषा शिकणाऱ्यास ऐकून घेणारें माणूस लागतें, आणि एकत्र कुटुंबांत त्याची वाण पडूं नये.