ट्रम्पेट कुणी वाजवलं?

श्रीपूर म्हटलं की लोकांना साखर कारखाना आठवतो. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिच्या कारखान्याभोवती हे गाव वाढलं. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि मळीचा वास. अशा गावात जॅझ ऐकतात म्हटलं की पाहुणे हसतात. हसू देत. आम्ही तिघं आहोत. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला केमिस्ट. दुसरे अकलूजचे मंडपवाले. लग्नात कर्ण्यावर वाजवलेल्या रेकॉर्डींचे पेटारे त्यांच्या माळ्यावर आहेत. तिसरे पंढरपूरचे एक संगीतशिक्षक. गुरुजींना जॅझ अजून पुरतं पटलेलं नाही, पण भांडायला मिळतं म्हणून ते एसटीनं येतात.

भांडण ठरलेलं असतं: सगळ्यात आवडती रेकॉर्ड कोणती? माझी माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्ल्यू’. गुरुजींची १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाइल’, कारण तिच्यात तोडीपासून भैरवीपर्यंत रागच राग आहेत. मंडपवाले दरवेळी ‘अलबेला’ म्हणतात. गुरुजी म्हणतात, “अहो, तो सिनेमा. त्याच्या सुट्या तबकड्या होत्या, अल्बम कसला?” मंडपवाले म्हणतात, “वरात थांबवून लोक नाचत होते मास्तर, आणखी काय पाहिजे?” या मुद्द्याला गुरुजींकडं उत्तर नसतं.

पण मला बोलायचं आहे ते आवडीनिवडीबद्दल नाही, रेकॉर्डीच्या पाठीबद्दल. जॅझ ऐकणारा माणूस रेकॉर्ड हातात घेतली की आधी उलटी करतो. कोण कोण वाजवतंय ते बघतो, मग किंमत विचारतो. ‘काइंड ऑफ ब्ल्यू’ १९५९ साली दोन बैठकींत ध्वनिमुद्रित झाली. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब. पियानोवर बिल एव्हान्स. पण ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एकाच तुकड्यात पियानो विंटन केलीचा आहे. एका तुकड्यापुरता आलेला माणूस, पण त्याचं नाव राहिलं. त्यामुळे श्रीपुरात बसून मी केलीचा हात आणि एव्हान्सचा हात वेगळा ओळखू शकतो. नाव कळलं की कान त्या माणसाच्या मागं जातो. मग त्याच्या दुसऱ्या रेकॉर्डी शोधाव्याशा वाटतात. संग्रहाचं वेड लागतं ते असं.

आता मंडपवाल्यांची ‘अलबेला’. साल १९५१. त्यांनी ती तबकडी झिजवून पांढरी केली आहे. एकदा मी विचारलं, “यात ट्रम्पेट कुणाचं?” त्यांनी लेबल डोळ्याजवळ धरलं. सिनेमाचं नाव, गायकांची नावं, संगीतकार सी. रामचंद्र. ट्रम्पेटवाला नाही. तो होता अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा. ‘चिक चॉकलेट’ या नावानं तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात स्वतःचा बँड घेऊन वाजवायचा, लोक त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्रांचा तो सहायक होता. पुणतांब्याचे चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, आणि हळदोण्याचा वाझ, या दोघांनी मिळून आपल्या वरातींना स्विंग शिकवलं. त्यातल्या एकाचंच नाव लेबलावर आलं. चिक १९६७ साली गेला. ज्यांनी त्याच्या सुरावर अंग हलवलं त्यातल्या किती जणांना तो माहीत होता?

हे गुरुजींच्या लाडक्या रेकॉर्डीत जास्त उघडं पडतं. ‘रागा जॅझ स्टाइल’ शंकर-जयकिशनची. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. इथं नावं आहेत, कारण रेकॉर्ड जॅझची म्हणून निघाली. याच मनोहारींनी याच संगीतकारांसाठी तीनच वर्षं आधी ‘आरजू’ सिनेमात वाजवलेला सॅक्सोफोन गावोगावच्या कर्ण्यांनी ऐकवला, पण गाण्याच्या तबकडीवर त्यांचं नाव शोधू नका. तोच वादक जॅझच्या कव्हरावर कलावंत आणि गाण्याच्या लेबलावर कुणी नाही, हे मला कधी पचलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत साध्या रसाच्या ब्रिक्सच्या, म्हणजे गोडीच्या मापाच्या, नोंदीपुढंसुद्धा पाळीच्या केमिस्टची सही लागायची.

वादकांची नावं गाळायची ही खोड जुनी आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननं पहिल्या तबकड्या भरल्या, तेव्हा गाणं संपताना ती स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगायची. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या माणसांना लेबल लावताना गायिका कोण ते कळावं म्हणून. साथीला बसलेल्यांनी नाव सांगायचा प्रश्नच नव्हता. आणि अँथनी गोन्साल्विस? ते नाव देशाला पाठ आहे, ‘अमर अकबर अँथनी’त अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभमुळे. मात्र मूळ गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि संयोजक होते. त्या सिनेमाच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. शिष्यानं गुरूचं नाव गाण्यात घातलं आणि लोकांना ते पात्र काल्पनिक वाटलं.

यावर गुरुजींचा आक्षेप असतो, आणि तो बिनबुडाचा नाही. सिनेमाच्या गाण्याला पन्नास-शंभर वादक असायचे, लेबल तळहाताएवढं. एवढी नावं कुठं छापणार? कबूल. पण व्हायोलिनांच्या रांगेतला प्रत्येक जण मी मागतच नाही. ज्याच्या तुकड्यावर गाणं उभं आहे तो एक ट्रम्पेटवाला, एक मेंडोलिनवाला, लावणीच्या रेकॉर्डीतला तो एक ढोलकीवाला सांगा. अकलूजच्या मांडवात लावणी बघायला गेलो तर निवेदक ढोलकीवाल्याचं नाव गावासकट पुकारतो आणि टाळी घेतो. जे मांडवात जमतं ते रेकॉर्डीच्या पाकिटावर का जमू नये?

दुसरा आक्षेप मंडपवाल्यांचा: नाव छापून पोट भरतं का? नाही. जॅझच्या कंपन्याही काही साधुसंत नव्हत्या, तिथंही वादक नाडले गेले. ‘काइंड ऑफ ब्ल्यू’मधली ‘ब्लू इन ग्रीन’ ही रचना माइल्सच्या नावावर लागली आणि ती आपली आहे असं बिल एव्हान्स सांगत राहिले. तरी तो वाद ऐकणाऱ्याला कळतो, कारण पाकिटावर एव्हान्स आहेत. आपल्याकडं दावा कुणी करायचा आणि कुणाच्या नावानं?

आम्हा संग्राहकांचंही चुकतं. आम्ही पहिलं प्रेसिंग, कव्हराचे कोपरे, शिक्के यात अडकतो. ब्ल्यू नोट या जॅझ कंपनीच्या जुन्या रेकॉर्डीच्या आतल्या कोऱ्या कडेला ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं कोरलेली असतात. ती तीन अक्षरं आम्ही भिंग लावून शोधतो, मग आपल्याच लावणीतल्या ढोलकीचा तपास करायला काय हरकत आहे? मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, सुरेश चांदवणकरांसारख्यांनी आपल्या तबकड्यांच्या नोंदी करण्यात वर्षं घातली. तालुक्याच्या पातळीवर मात्र शुकशुकाट. तबकड्या भंगारात जातात, नाहीतर त्यांची भिंतीवरची घड्याळं होतात. आणि जुन्या गाण्यांच्या नव्यानं छापलेल्या रेकॉर्डी, दोन-अडीच हजारांच्या, मी पाहिल्या त्यांत कव्हर चकचकीत होतं आणि वादकांची जागा पुन्हा कोरी. आता तर तळहाताएवढ्या लेबलाची सबब उरलेली नाही. बारा इंची पाकीट आहे, हव्या तेवढ्या ओळी बसतील.

कंपन्यांनी ते करावंच, पण त्यांची वाट बघत बसू नये. जिल्ह्यातल्या वाचनालयांनी दारावर आलेल्या तबकड्या नाकारू नयेत आणि पुस्तकांसारखी त्यांचीही दाखलनोंद करावी. त्या नोंदीत गायक-संगीतकारांच्या शेजारी ‘वादक’ असा एक रकाना आखावा, सुरुवातीला कोरा राहिला तरी चालेल. सोलापूर, बार्शी, पंढरपूरला ज्यांचे वडील-आजोबा बँडात होते, तमाशाच्या फडात होते किंवा मुंबईला स्टुडिओत वाजवायला गेले होते, त्यांनी घरातल्या डायऱ्या आणि बिदागीच्या पावत्या रद्दीत घालण्याआधी तो रकाना बघून यावा.