चकाकीचे मुद्दल

वडिलांनी हौसेने घेतलेली साठच्या दशकातील अमेरिकन मोटार आमच्या घरी अजून आहे. त्यांच्या निधनानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिच्या दारांवरील मळकट ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मी पॉलिश पेपरने मन लावून घासल्या. त्या आरशासारख्या लखलखल्या. पुढचा पावसाळा सरताच मात्र त्यांवर पांढरे डाग उमटले. चूक सर्वस्वी माझी होती. व्याजाच्या लोभाने मी मुद्दलालाच हात घातला होता.

हे मुद्दल म्हणजे ॲनोडायझिंगचा थर. पट्टी सल्फ्युरिक आम्लात ठेवून तिच्यातून वीज सोडली, की पृष्ठभागावर ऑक्साइडचे पारदर्शक, कठीण कवच तयार होते. त्याची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही कमी असते. पण ऊन, पाऊस आणि धूळ तेच झेलते. एकदा ते झिजले, की पॉलिशने ते परत येत नाही.

म्हणून आधी परीक्षा करावी. हे कवच विजेला अडवते. मल्टिमीटरच्या दोन्ही सळ्या पट्टीवर अलगद टेकवाव्यात. वीज वाहत नसेल, तर कवच शाबूत आहे. अशा पट्टीला सौम्य साबण, मऊ फडके आणि मेणाचा हात पुरे. धुण्याचा सोडा, चुना व सिमेंट यांपासून तिला जपावे. क्षार हे कवच खातात.

डाग खोल असतील, तर पट्टी उतरवून जाणकाराकडे द्यावी. तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने जुना थर काढतो, 400, 600, 1000 अशा चढत्या क्रमांकाच्या कागदांनी घासून पॉलिश करतो आणि पुन्हा ॲनोडायझिंग करून घेतो. कॉस्टिकचे काम घरी करू नये; त्वचा व डोळे दोन्हींना धोका असतो. पारदर्शक लॅकर स्वस्त पडते, पण कालांतराने कडांपासून सुटू लागते. पट्ट्या परत बसवताना लोखंडी स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर घालावेत. दोन धातूंमध्ये ओल शिरली, की ॲल्युमिनियम आधी झिजते.

आमच्या पट्ट्या अशाच उजळून आल्या. डाव्या दारावरच्या पट्टीला एक पोचा आहे. कारागिराने तो काढू का, असे विचारले. वडिलांच्या हातून गाडी फाटकाला घासली होती, त्या दिवसाचा तो पोचा. तो तसाच राहू द्या, असे मी सांगितले.