दाढी, स्कार्फ आणि मागची खोली

जुन्या नाशकात दर रविवारी आम्ही काही जण मुलामुलींकडून नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेतो. बायोडेटा कसा लिहायचा, पगाराचं विचारलं तर काय सांगायचं, एवढंच. गेल्या महिन्यात एका मुलाने वर्ग संपल्यावर हळूच विचारलं, "सर, बायोडेटासाठी फोटो काढायचाय. आधी दाढी काढू का?"

त्याच्या आधीच्या आठवड्यात बी.कॉम. झालेली एक मुलगी आली होती. एका मनोरंजन उद्यानात तिकीट खिडकीवरच्या जागेसाठी तिची मुलाखत झाली होती. हिशोब पक्का, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चांगल्या. मुलाखत घेणारे गृहस्थ सभ्यपणेच म्हणाले, "खिडकीवर स्कार्फ चालणार नाही. मागे कपड्यांच्या स्टोअरमध्ये जागा आहे, तिथे आमची काही हरकत नाही." तिने मला विचारलं, "सर, मी घालते तो स्कार्फ मागे चालतो आणि पुढे चालत नाही, असं कसं?"

उत्तर शोधताना मी अशा उद्यानांच्या इतिहासाकडे वळलो. दिसण्याच्या बाबतीत सगळ्यात कडक म्हणून जगभर गाजलेले नियम डिस्नीचे. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे १९५५ साली डिस्नीलँड सुरू झालं. तिथल्या पुरुष कर्मचाऱ्यांना कित्येक दशकं दाढी तर नाहीच, मिशीही ठेवता येत नव्हती. गंमत म्हणजे संस्थापक वॉल्ट डिस्नी यांना स्वतःला मिशी होती. १९६० च्या दशकात तर लांब केसांच्या पाहुण्यांनाही दारातून परत पाठवल्याच्या घटना घडल्या. कारण एकच दिलं जायचं, की कुटुंबासह येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आवडणार नाही.

पुढे नियम एकेक करून सैल झाले. २००० साली मिशीला परवानगी मिळाली. २०१२ मध्ये दाढीला मिळाली, पण पाव इंचाहून लांब नको या अटीवर. २०२१ मध्ये हातावरचा टॅटू दिसला तरी चालेल असं ठरलं आणि केसांचे, दागिन्यांचे, नखांचे नियम स्त्री-पुरुष असा भेद न करता लिहिले गेले. प्रत्येक वेळी आधी भीती घातली गेली होती, की शिस्त जाईल, गिऱ्हाईक नाराज होईल. तसं काही झालं नाही. उद्यानांची गर्दी कमी झाली नाही.

पण याच काळात तिथे आपल्या मुलीसारख्याच दोन घटना घडल्या. २०१० साली ॲनाहाइममधल्या डिस्नीच्या हॉटेलात काम करणाऱ्या एका मुस्लिम बाईने कामावर हिजाब घालायचं ठरवलं. तिला सांगण्यात आलं, हिजाब काढ किंवा गिऱ्हाइकाला दिसणार नाहीस अशा जागी मागे काम कर. तिने दोन्ही नाकारलं आणि २०१२ मध्ये ती कोर्टात गेली. २०१० मध्येच तिकिटांच्या कामासाठी आलेल्या एका मुस्लिम विद्यार्थिनीला हिजाबमुळे सामानाच्या खोलीत काम सुचवलं गेलं. नंतर स्कार्फवर टोपी घालून पुढे काम करण्याचा तोडगा निघाला. फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमध्ये टपाल पोहोचवणाऱ्या एका शीख कर्मचाऱ्याला पाहुण्यांच्या नजरेआड असलेला एकच मार्ग दिला गेला होता. ते बंधन २०१५ मध्ये उठलं.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. काम जमतं का, हा प्रश्नच नव्हता. मागच्या खोलीत तेच माणूस, तोच स्कार्फ, तीच पगडी चालत होती. म्हणजे अडचण कपड्याची नव्हती. आपल्या दुकानाच्या दर्शनी भागात कोण दिसावं, हा खरा मुद्दा होता. आमच्या मुलीला मिळालेल्या उत्तराचा अर्थही तोच आहे.

आता इथलं बघू. आपल्याकडे हा वाद कोर्टात गेला तेव्हा प्रश्नच वेगळा विचारला गेला. जालन्याच्या राज्य राखीव पोलीस दलातल्या एका शिपायाला आधी दाढीची परवानगी मिळाली, मग ती काढून घेतली गेली. डिसेंबर २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं राहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यातला घटनात्मक प्रश्न तपासायला न्यायालय तयार झालं. हवाई दलातल्या अशाच एका प्रकरणात डिसेंबर २०१६ मध्ये निकाल विरोधात गेला. ज्या धर्मात केस कापायलाच मनाई आहे त्यांनाच तिथला नियम सूट देतो, आणि इस्लाममध्ये तशी मनाई आहे हे दाखवता आलं नाही, असा त्याचा आधार होता.

म्हणजे चर्चा फिरते ती एकाच प्रश्नाभोवती: हे तुमच्या धर्मात फर्ज आहे का? कर्नाटकातल्या हिजाब प्रकरणात मार्च २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानेही हाच प्रश्न घेतला आणि हिजाब अत्यावश्यक नाही असा निर्णय दिला.

मला वाटतं, या प्रश्नात आपण दोन्ही बाजूंनी अडकतो. फर्ज नाही म्हटलं तर कोर्ट म्हणतं, मग सोडा. फर्ज आहे म्हटलं तर दाढी न ठेवणारा मुलगा आणि स्कार्फ न घालणारी मुलगी आपोआप कमी प्रतीचे मुसलमान ठरतात. शिवाय आपला दीन काय सांगतो हे ठरवायचं काम आपणच सरकारी वकिलांच्या हातात देतो. कर्नाटकाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. त्यातल्या न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी मांडलं, की अत्यावश्यक आहे की नाही यात शिरायची गरजच नाही, हा त्या मुलीच्या निवडीचा प्रश्न आहे. मला ही वाट जास्त नागरिकाची वाटते.

नोकरीच्या जागी विचारायचा प्रश्न साधा आहे: यामुळे कामात अडथळा येतो का? येत असेल तर नियम मान्य. सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात विषारी वायूपासून वाचवणारा मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो, तिथे दाढी जिवावर बेतू शकते. फिरत्या यंत्राजवळ किंवा पाळण्याजवळ सैल ओढणी धोक्याची आहे, तिथे पिन लावलेला आखूड स्कार्फ हवा. पण तिकीट खिडकीवर? तिथे पैसे नीट मोजता आले पाहिजेत आणि माणसांशी नीट बोलता आलं पाहिजे.

या प्रश्नाचा आणखी एक फायदा आहे. तो फक्त आपला राहत नाही. डिस्नीने २०१२ मध्ये दाढीला दिलेली परवानगी कोणा एका धर्मासाठी नव्हती, सगळ्यांसाठी होती. आपणही तसंच मागू या. कपाळावरची टिकली, गळ्यातलं बाबासाहेबांचं लॉकेट, पांढरे झालेले केस, तृतीयपंथी उमेदवाराचे लांब केस, आपली दाढी आणि आपला स्कार्फ, सगळ्यांना एकच कसोटी लागू करा: स्वच्छ आहे का, सुरक्षित आहे का, कामाच्या आड येतं का?

आणि दाढी काढून प्रश्न सुटतो, हाही भ्रम आहे. चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, टोपी, बॅज यांवर बंदी घातली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला अंशतः स्थगिती देताना विचारलं, की मग नावावरून धर्म कळत नाही का? कळतोच. २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशनने हजार नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे दोन बायोडेटा पाठवले, एक हिंदू मुलीच्या नावाने आणि एक मुस्लिम मुलीच्या नावाने. पहिल्या नावाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, दुसऱ्याला १०३ ठिकाणांहून.

अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा खासगी मालकालाही लागू होतो. म्हणूनच २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्कार्फमुळे नोकरी नाकारली गेलेल्या मुलीच्या बाजूने, ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. आपल्या घटनेचं कलम १६ सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं. खासगी नोकरीसाठी असा सर्वंकष कायदा अजून नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती, तीही तशीच राहिली. आपल्या तरुणांनी उमेदवारांना प्रचारसभेत विचारावा असा हा प्रश्न आहे.

पण तो विचारण्याआधी आपलं घरही बघू. आपल्याच समाजाच्या काही संस्थांमध्ये स्कार्फ न घालणाऱ्या शिक्षिकेला मुलाखतीतून परत पाठवलं जातं, हे आपल्याला माहीत आहे आणि आपण गप्प बसतो. तिथेही तिला शिकवता येतं का, हा प्रश्न मागे पडतो. बाहेर निवडीचा हक्क मागायचा आणि आत तो नाकारायचा, हे जमणार नाही.

त्या मुलाला मी सांगितलं, "दाढी नीट कापून घे, इस्त्रीचा शर्ट घाल आणि फोटो काढ. काढायची असेल तर तुझ्या मनाने काढ, भीतीने नको." आणि त्या मुलीबरोबर बसून आम्ही उद्यानाच्या कार्यालयाला चार ओळींचा मेल लिहिला: तिकीट खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाचा लेखी नियम काय आहे, आणि गणवेशाच्याच रंगाचा, पिन लावलेला स्कार्फ त्यात का बसत नाही, ते कृपया कळवावं. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही आठवण करून देणारा दुसरा मेल पाठवणार आहोत.